बिनभरवशाच्या भागांतून भरवसा

रुग्णालयात रक्ततपासणीचा आकडा संगणकात भरला जातो, सीटी स्कॅनच्या प्रतिमा साठवल्या जातात, औषधांच्या नोंदी होतात. पडद्यावर नोंद जतन झाल्याची खूण दिसते आणि सगळे पुढच्या कामाला लागतात. ती नोंद समोरच्याच संगणकात राहते, असा बहुतेकांचा समज असतो. मोठ्या व्यवस्थांमध्ये तसे नसते. नोंदी सांभाळणाऱ्या हार्ड डिस्क दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या इमारतीत, कधी दुसऱ्या शहरातही असतात आणि मधे नेटवर्क असते. डिस्क बिघडतात, तारा तुटतात, वीज जाते. तरीही चार वर्षांनी तोच स्कॅन उघडला, तर तो जसाच्या तसा मिळायला हवा. बिघडणाऱ्या सुट्या भागांतून भरवशाची व्यवस्था कशी उभी करायची, या प्रश्नाला गणिताचा पाया देणारे शास्त्रज्ञ १९५७ साली, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी कर्करोगाने गेले. त्यांचे नाव जॉन फॉन नॉयमन.

त्यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीच्या राजधानीत, बुडापेस्टमध्ये झाला. घरचे नाव यानोश. वडील मिक्शा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, घर सुखवस्तू ज्यू कुटुंबाचे. तीन भावांत यानोश थोरला. त्याची स्मरणशक्ती आणि तोंडी हिशेबाचा वेग पाहून घरी येणारे पाहुणे थक्क होत. शाळेतले गणिताचे शिक्षक लास्लो रात्स यांनी या मुलाची कुवत ओळखली आणि विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून त्याच्या स्वतंत्र शिकवणीची व्यवस्था लावून दिली. वडिलांना मात्र काळजी होती ती पोटापाण्याची. गणितावर घर कसे चालणार? तडजोड अशी झाली, की मुलाने रसायन अभियांत्रिकीही शिकावी. १९२६ मध्ये त्यांनी झुरिकहून अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि त्याच वर्षी बुडापेस्टहून गणितातली डॉक्टरेटही मिळवली.

पुढे जर्मनीत बर्लिन आणि ग्यॉटिंगेन इथे त्यांनी काम केले. पुंजभौतिकीला गणिताची पक्की बैठक देणारा त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये आला. त्याआधीच, १९३० पासून, ते अमेरिकेत प्रिन्स्टनला येऊ-जाऊ लागले होते. १९३३ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये ते प्राध्यापक झाले. आइन्स्टाइनही त्याच संस्थेत होते. युरोपात ज्यूंचे जगणे अवघड होत गेले आणि फॉन नॉयमन कायमचे अमेरिकेचे झाले. १९३७ मध्ये त्यांनी तिथले नागरिकत्व घेतले.

एकांतात बसणारा गणितज्ञ अशी प्रतिमा डोळ्यांपुढे येत असेल, तर ती पुसावी लागेल. त्यांना माणसे, मेजवान्या, विनोद आणि गोंगाट आवडे. ग्रामोफोन मोठ्याने वाजत असताना ते काम करीत. गाडी मात्र ते वाईट चालवत आणि अपघातही करत. दुसऱ्या पत्नी क्लारा यांच्याशी त्यांचा विवाह १९३८ मध्ये झाला. या क्लारा पुढे जगातल्या पहिल्या काही प्रोग्रॅमरांपैकी एक ठरल्या.

संगणकाकडे ते आले ते युद्धामुळे. १९४३ पासून ते लॉस अलामोसच्या अणुबाँब प्रकल्पाचे सल्लागार होते. स्फोटाच्या लाटा नेमक्या कशा पसरतील, याचे हिशेब हाताने करणे आवाक्याबाहेरचे होते. १९४४ च्या उन्हाळ्यात ॲबरडीन रेल्वे स्थानकाच्या फलाटावर त्यांची गाठ हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याशी पडली. फिलाडेल्फियात एनियाक नावाचे गणनयंत्र उभे राहत असल्याचे त्यांना तिथे कळले आणि थोड्याच दिवसांत ते यंत्र पाहायला गेले.

एनियाकमध्ये सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या. दिव्याच्या बल्बसारखी तापणारी आणि बल्बसारखीच कधीतरी जळणारी ही नळी. एक नळी वर्षानुवर्षे टिकेलही, पण अशा १८ हजार एकत्र असल्या तर कोणती ना कोणती वरचेवर जाणारच. नळी गेली की हिशेब चुकायचा, यंत्र थांबवावे लागायचे आणि दोष शोधत बसावे लागायचे.

जून १९४५ मध्ये एनियाकच्या पुढच्या यंत्राविषयी, एडव्हॅकविषयी, त्यांनी शंभरेक पानांचा अहवाल लिहिला. आकडे आणि आज्ञा दोन्ही यंत्राच्या एकाच स्मृतीत ठेवायच्या, ही रचना त्यात स्पष्ट मांडली होती. आजही बहुतेक संगणक याच घडणीचे आहेत. अहवालावर नाव मात्र एकट्या फॉन नॉयमन यांचे होते. ज्या एकर्ट आणि मॉचली यांच्या गटात या कल्पनांची चर्चा झाली होती, त्यांची नावे नव्हती. त्या दोघांना हे फार लागले आणि श्रेयाचा हा वाद कधीच पूर्ण मिटला नाही.

या अहवालाची भाषा वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. त्यात नळ्यांची तुलना चेतापेशींशी केली आहे, यंत्राच्या भागांना अवयव म्हटले आहे. मॅककलक आणि पिट्स या दोघांनी १९४३ मध्ये चेतापेशींच्या कामाचे एक गणिती प्रारूप मांडले होते, त्याचा हा प्रभाव. तेव्हापासून मेंदू आणि यंत्र यांची तुलना फॉन नॉयमन यांच्या डोक्यातून गेली नाही.

युद्धानंतर प्रिन्स्टनमध्ये त्यांच्या पुढाकाराने नवा संगणक बांधायला घेतला गेला. ज्युलियन बिगेलो हे त्याचे मुख्य अभियंता. त्याची स्मृती होती ४० काचनळ्यांची. पडद्यावरच्या विद्युतभाराच्या ठिपक्यांत माहिती साठवली जाई. ठिपका क्षणात विरू लागे, म्हणून तो सतत पुन्हा पुन्हा लिहावा लागे. ४० बिटांच्या प्रत्येक आकड्याचा एकेक बिट एकेका नळीत असे. म्हणजे ४० पैकी एक जरी नळी बिनसली, तरी स्मृतीतला प्रत्येक आकडा संशयास्पद! या यंत्राचे आराखडे संस्थेने इतरांना खुले केले आणि त्यावरून अनेक देशांत यंत्रे उभी राहिली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेला टिफ्रॅक हाही ४० बिटांचे शब्द वापरणारा, याच घडणीचा संगणक होता.

या झगड्यातून त्यांना एक मूलभूत फरक दिसला. सप्टेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे मेंदूविषयीच्या एका परिषदेत त्यांनी तो मांडला. यंत्रात पहिली चूक झाली की माणूस ते थांबवतो, दोष शोधतो, दुरुस्त करतो आणि मगच पुढे जातो. चूक ठळकपणे दिसावी अशीच यंत्राची रचना असते. सजीव तसा नसतो. शरीरात रोज असंख्य पेशी मरतात, काही बिघडतात, तरी शरीर चालत राहते. चूक झाकून, तिच्या शेजारून वाट काढून काम पुढे नेण्याकडे शरीराचा कल असतो.

मग यंत्रही शरीरासारखे करता येईल का? जानेवारी १९५२ मध्ये पॅसाडेनाच्याच कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये दिलेल्या व्याख्यानांत त्यांनी याचे उत्तर गणिताने दिले. ही व्याख्याने १९५६ मध्ये छापली गेली. कल्पना ऐकायला साधी आहे. एकाच कामासाठी तीन यंत्रे लावा आणि दोघांचे जे उत्तर जुळेल ते खरे माना. एक चुकले तरी बहुमत बरोबर राहील. पण मते मोजणारा भागही बिघडू शकतोच, मग त्याच्यावर लक्ष कोणाचे? फॉन नॉयमन यांनी ही अडचण टाळली नाही. प्रत्येक संदेश एका तारेने न पाठवता तारांच्या जुडग्याने पाठवायचा आणि मधे मधे मतमोजणी करत चुका साचू द्यायच्या नाहीत, अशी रचना त्यांनी सुचवली. तारा हजारोंनी वाढवल्या, तर सदोष भागांतूनही हवा तेवढा भरवसा मिळवता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्याला अटी दोन. एक, प्रत्येक भाग मुळात बऱ्यापैकी चांगला हवा. भाग एका मर्यादेपलीकडे चुकत असतील, तर बहुमतही चुकीचेच येते. दुसरी अट हिशेबाच्या मुळाशी होती. भागांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. तिघे एकाच कारणाने एकदम चुकणार असतील, तर तीन असून उपयोग एकाचाच.

आजच्या नेटवर्कवरच्या डिस्कची गोष्ट इथून सुरू होते. संगणकात फाइल सिस्टीम नावाची एक व्यवस्था असते. रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातल्या कारकुनाशी तिची तुलना करता येईल. डिस्क ही हजारो-लाखो समान कप्प्यांची मांडणी आणि कोणत्या कप्प्यांत कोणाचा केसपेपर आहे, याची वही या कारकुनाकडे. एखादी मोठी फेरफार करण्याआधी तो ती कच्च्या रोजनाम्यात टिपतो, म्हणजे मधेच दिवे गेले तरी काम कुठवर आले होते ते कळते. ही पद्धत रुळली ती कपाट कारकुनाच्या हाताशी आहे असे धरून. हाताशी असलेले कपाट एक तर उघडते किंवा उघडत नाही.

कपाट नेटवर्कपलीकडे गेले की तिसरी शक्यता येते. काहीच उत्तर येत नाही. कारकुनाने कागद पाठवला आणि पोच आली नाही. कागद पोचलाच नाही, की कागद ठेवला गेला पण पोच हरवली, की पलीकडचा माणूस नुसता हळू आहे? बाहेरून तिन्ही सारखेच दिसते. अशा वेळी बऱ्याच फाइल सिस्टीम जुन्या यंत्राच्या रीतीने वागतात. रोजनामा लिहिता येईना असे दिसले की त्या नवीन लिखाण बंद करतात आणि फक्त वाचायची परवानगी ठेवतात. काउंटरवर थांबलेल्या माणसाला ते त्रासाचे वाटते, पण वेड्यावाकड्या नोंदी होण्यापेक्षा ते बरे असते. अर्धवट लिहिलेली औषधाची मात्रा ही न लिहिलेल्या मात्रेपेक्षा घातक.

म्हणून खालच्या थराला शरीराचा स्वभाव द्यावा लागतो. अनेक व्यवस्थांमध्ये प्रत्येक कप्प्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या यंत्रांवर ठेवतात आणि तिघांपैकी किमान दोघांनी लिहिल्याची पोच दिली की मगच लेखन झाले असे मानतात. एक डिस्क गेली तरी वरच्या कारकुनाला ते कळतही नाही. दोनच प्रती का पुरत नाहीत? दोन यंत्रांमधली तार तुटली, तर दोघांनाही दुसरा मेला असे वाटते. दोघेही स्वतःला कारभारी समजून वेगवेगळे लिहू लागतात आणि एकाच रुग्णाच्या दोन परस्परविरोधी नोंदी तयार होतात. या बिघाडाला संगणकवाले स्प्लिट ब्रेन म्हणतात. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पूल कापल्यानंतरच्या अवस्थेसाठी वैद्यकात रुळलेलाच हा शब्द. तिघे असले की तार कुठेही तुटली तरी दोघांचे बहुमत एकाच बाजूला असू शकते. एकट्या पडलेल्याने गप्प बसायचे, हा नियम. त्याच न्यायाने, साधी फाइल सिस्टीम असलेली एक डिस्क दोन संगणकांनी एकाच वेळी लिहायला घ्यायची नसते. जुन्या संगणकाला आधी डिस्कपासून तोडायचे आणि मगच नव्याच्या हाती किल्ल्या द्यायच्या.

फॉन नॉयमन यांच्या अटी इथेही लागू आहेत. तिन्ही प्रती एकाच खोलीत, एकाच वीजजोडणीवर ठेवल्या, तर त्यांच्या चुका स्वतंत्र राहत नाहीत. खोलीत पाणी शिरले की तिन्ही जातात. पोचही खरी हवी. काही डिस्क माहिती आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेऊनच लिहिल्याचे कळवतात. त्या क्षणी वीज गेली, तर पोच हातात आणि नोंद गायब. शिवाय कोणी चुकून नोंद पुसली, तर ती तिन्ही प्रतींतून आज्ञाधारकपणे पुसली जाते. बॅकअप वेगळा, दूर आणि आधीच्या तारखेचा हवा तो यासाठी.

इथवर शरीराची बाजू वरचढ दिसते. दोन मूत्रपिंडांपैकी एक दान केले तरी माणूस चांगला जगतो. यकृताचा मोठा भाग काढला तरी ते पुन्हा वाढते. हृदयाचा नैसर्गिक पेसमेकर मंदावला, तर खालचे केंद्र ठोके सुरू ठेवते. पण या दानतीची किंमत डॉक्टर रोज बघतात. मूत्रपिंडाचे काम बरेच घटेपर्यंत रुग्णाला काही जाणवत नाही. राखीव क्षमता बिघाड सांभाळून घेते आणि त्याच वेळी तो लपवतेही. तीन प्रतींच्या व्यवस्थेत एक डिस्क मुकाट्याने मेली आणि कोणी पाहिलेच नाही, तर काम महिनोन्महिने सुरळीत चालेल. मग दुसरी जाईल आणि त्या दिवशी सगळे अचानक घडले असे वाटेल. म्हणून चांगल्या व्यवस्थेत पडून असलेल्या प्रतीही ठरावीक काळाने वाचून एकमेकींशी ताडून बघतात. तक्रार नसताना रक्तदाब, साखर तपासावी, तसेच हे.

फॉन नॉयमन यांच्या आयुष्याचा शेवट याच लपलेल्या बिघाडाने झाला. १९५५ च्या मार्चमध्ये त्यांनी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य म्हणून शपथ घेतली. ते कीर्तीच्या शिखरावर होते, काम दिवसरात्र चालू होते. त्याच उन्हाळ्यात डावा खांदा दुखू लागला. तपासणीत हाडात कर्करोगाची गाठ निघाली आणि ती शरीरात दुसरीकडून पसरत आलेली होती. मूळ रोग कोणत्या अवयवात होता, याबद्दल चरित्रकारांत आजही एकमत नाही. शरीराने तो खांद्यापर्यंत येऊ दिला तोवर कुठलीच घंटा वाजवली नव्हती. काही महिन्यांत ते चाकांच्या खुर्चीत आले. फेब्रुवारी १९५६ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक त्यांनी त्या खुर्चीत बसूनच स्वीकारले.

एप्रिल १९५६ मध्ये त्यांना वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात दाखल करण्यात आले. येल विद्यापीठात त्या वसंतात द्यायची सिलिमन व्याख्याने संगणक आणि मेंदू या विषयावर होती. ती देणे शक्य नव्हतेच, पण हस्तलिखित त्यांनी रुग्णालयात सोबत नेले होते आणि बळ होते तोवर ते त्यावर काम करत राहिले. ते पूर्ण झाले नाही. त्याच सप्टेंबरमध्ये आयबीएमने हार्ड डिस्क असलेला पहिला संगणक बाजारात आणल्याची घोषणा केली. तिच्यात पन्नास तबकड्यांवर मिळून आजच्या मोजणीने पाच मेगाबाइटहूनही कमी माहिती मावे.

दुखण्यापेक्षा त्यांना भय वाटे ते बुद्धी जाण्याचे. ज्या माणसाच्या तोंडी हिशेबांशी यंत्रांची शर्यत लावली जाई, तो आपल्या मुलीला, मरिनाला, अगदी सोप्या बेरजा विचारायला सांगे, असे तिने पुढे नोंदवले आहे. लहानपणी जमलेले हिशेब अजून जमतात का, हे त्यांना स्वतःलाच ताडून पाहायचे होते. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांचे निधन झाले.

अपुरे हस्तलिखित १९५८ मध्ये ‘द कॉम्प्युटर अँड द ब्रेन’ या नावाने पुस्तकरूपात आले. त्याची प्रस्तावना क्लारा यांनी लिहिली. छोटेखानी पुस्तक आहे. चेतापेशी आणि नळी यांचा वेग, आकार, ऊर्जा आणि चुकण्याचे प्रमाण शेजारी शेजारी ठेवून त्यात तुलना केली आहे. तेव्हाचे आकडे आता जुने झाले. विचारलेला प्रश्न मात्र दर रात्री देशोदेशींच्या सर्व्हर खोल्यांत कामाला येतो. तिथे कुठेतरी एक डिस्क मरते, उरलेल्या दोघी मिळून तिची नवी प्रत उभी करतात, आणि नेमलेल्या माणसाच्या पडद्यावर त्याची नोंद उमटते. ती नोंद त्याने सकाळी वाचायची असते.